कंत्राटी कामासाठी पुढची भाषा कोणती शिकावी?

नोकरी सोडून कंत्राटी कामाकडे वळू पाहणारे प्रोग्रॅमर मला सर्वांत आधी एकच प्रश्न विचारतात: आता कोणती भाषा शिकू, म्हणजे चांगली कामे मिळतील? विचारणाऱ्याला बहुधा एका शब्दाचे उत्तर हवे असते आणि रस्ट, गो किंवा पायथन यांपैकी एखादे नाव घेऊन मोकळे होणे सोपेही असते. मी स्वतः बराच काळ जावामध्ये कंत्राटी काम करत आले आहे. कामे कशी मिळतात आणि हाताशी आलेली कशी निसटतात, हे पाहून माझे मत असे झाले आहे की या बाजारात सुट्या भाषेला फारशी किंमत नसते. आपल्याला आधीपासून जे येते त्याला जोडली गेल्यावर जी भाषा आपला उपयोग वाढवते, तीच शिकण्यात अर्थ आहे.

याचे कारण काम देणाऱ्याच्या बाजूने पाहिले की लगेच कळते. कायमस्वरूपी माणूस घेताना कंपनी त्याच्या शिकण्याचा खर्च सोसायला तयार असते, कारण तो काही वर्षे टिकेल आणि तो खर्च भरून निघेल असा तिचा हिशेब असतो. कंत्राटदार मात्र तीन किंवा सहा महिन्यांसाठी येतो, त्याचा दर जास्त असतो आणि पहिल्या पंधरवड्यातच त्याच्या हातून काहीतरी कामाचे बाहेर पडावे अशी अपेक्षा असते. त्यामुळे मुलाखतीत ‘ही भाषा मी नुकतीच शिकले आहे’ हे वाक्य नोकरीसाठी गुण ठरू शकते, पण कंत्राटासाठी तोच दोष मानला जातो. त्यात मध्यस्थ एजन्सीची भर पडते. तेथे बायोडेटा माणसाने वाचण्याआधी शब्दांनी चाळला जातो. नुसते ‘जावा’ लिहिलेल्या बायोडेटापेक्षा ‘जावा १७, स्प्रिंग बूट ३’ असे, म्हणजे भाषेची आवृत्ती आणि तिच्यावर बेतलेली तयार चौकट यांसह लिहिलेला बायोडेटा वर येतो आणि त्याच्यासमोर किती वर्षांचा अनुभव आहे हा आकडा पाहिला जातो. शून्य वर्षांचा अनुभव असलेली भाषा या चाळणीतून सहसा पार होत नाही.

भाषांच्या लोकप्रियतेचे तक्ते या बाबतीत फारसे उपयोगी पडत नाहीत. टिओबे निर्देशांक शोधयंत्रांवर एखाद्या भाषेच्या नावाने किती निकाल मिळतात यावर बेतलेला असतो, म्हणजे तिच्याविषयी किती लिहिले गेले आहे हे तो सांगतो. तिच्यातील कामासाठी कोणी पैसे मोजत आहे का, हे त्यातून समजत नाही. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळाच्या वार्षिक पाहणीत २०१६पासून अनेक वर्षे रस्ट ही वापरणाऱ्यांची सर्वांत आवडती भाषा ठरली आहे. ती आवड प्रोग्रॅमरांची आहे, काम देणाऱ्यांची नव्हे. शिवाय लोकप्रियतेची दुसरी बाजू कोणी लक्षात घेत नाही: जी भाषा सर्वांना आवडते ती सर्वांना येतही असते. पायथन हे त्याचे ठळक उदाहरण आहे. अनेकांची ती पहिलीच भाषा असल्याने केवळ पायथन जाणणाऱ्यांची रांग मोठी आहे आणि त्या रांगेत उभे राहून दर वाढवून मागता येत नाही. डेटा एका प्रणालीतून दुसरीत वाहून नेण्याची साखळी उभारता येणारा, किंवा वित्तीय जोखमीचे गणित समजणारा माणूस पायथन वापरतो तेव्हा गोष्ट निराळी होते. तेथे पैसे पायथनचे मिळत नाहीत, त्या जाणकारीचे मिळतात.

म्हणून तक्त्यांऐवजी प्रत्यक्ष जाहिराती वाचाव्यात, आणि त्यासुद्धा एका ठरावीक पद्धतीने. केवळ कंत्राटी कामांच्या जाहिराती वेगळ्या काढाव्यात, कारण नोकरीचा आणि कंत्राटाचा बाजार एकाच दिशेने चालतो असे नाही. मग भाषेच्या नावापेक्षा तिच्या शेजारी कोणते शब्द वारंवार येतात हे टिपून ठेवावे. सी शार्पशेजारी अझुर आणि एसक्यूएल सर्व्हर, जावाशेजारी स्प्रिंग आणि काफ्का, टाइपस्क्रिप्टशेजारी रिअ‍ॅक्ट किंवा अँग्युलर अशा भाषा आणि साधन यांच्या जोड्या दिसू लागतात, आणि काम त्या जोडीचे असते. एखादी जाहिरात काही आठवड्यांनी पुन्हा तशीच दिसली, तर तिच्याकडे विशेष लक्ष द्यावे. दर कमी असल्यामुळे तिला कोणी मिळत नसेल, किंवा खरोखरच त्या कौशल्याची माणसे दुर्मीळ असतील. यांतले कोणते कारण खरे हे एजन्सीला एक फोन केल्यावर कळते, आणि दुसरे निघाले तर आपल्या शिकण्याची दिशा ठरवायला तेवढी एक माहितीही पुरेशी असते.

कंत्राटी काम निर्माण कोठून होते, हा यापुढचा प्रश्न. रोजचे, सावकाश चालणारे काम कंपनी स्वतःच्या माणसांकडून करून घेते. बाहेरचा माणूस बोलावला जातो तो बहुतेक वेळा एखादी तारीख जवळ आल्यामुळे, आणि आमच्या व्यवसायात या तारखा पुष्कळदा आधीच जाहीर झालेल्या असतात. पायथन २चा अधिकृत आधार (म्हणजे चुकांच्या आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणे) १ जानेवारी २०२० रोजी संपणार हे अनेक वर्षे आधीपासून माहीत होते, तरीही शेवटच्या टप्प्यात धावपळ झालीच. वेबपाने बनवण्याच्या अँग्युलरजेएस या चौकटीचा आधार २०२१अखेर संपला. २०१६मध्ये आलेली अँग्युलरची नवी आवृत्ती मुळापासून वेगळी लिहिलेली असल्याने तेथे केवळ आवृत्तीचा आकडा बदलून भागत नव्हते, पडदे (स्क्रीन) पुन्हा लिहावे लागत होते. एसएपी कंपनीच्या, उद्योगांचा कारभार सांभाळणाऱ्या जुन्या ईसीसी प्रणालीच्या प्रमुख आवृत्त्यांचा मुख्य आधार २०२७अखेर संपत आहे आणि नव्या एस/४हानाकडे जाण्याच्या कामामुळे अबॅप ही एसएपीची भाषा जाणणाऱ्यांना मागणी आहे. अबॅप ही भाषा कोणत्याही आवडीच्या यादीत वर येत नाही, हे येथे मुद्दाम नोंदवते.

माझ्या स्वतःच्या क्षेत्रातील उदाहरण अधिक तपशिलाने सांगण्यासारखे आहे, कारण त्यात एका नावामुळे किती काम निर्माण होते हे दिसते. जावाची एंटरप्राइझ (मोठ्या व्यावसायिक प्रणालींसाठीची) आवृत्ती ओरॅकलने २०१७मध्ये एक्लिप्स फाउंडेशन या मुक्तस्रोत संस्थेकडे सोपवण्याचे ठरवले, परंतु ‘जावाएक्स’ या नावाच्या पॅकेजांमध्ये (कोडच्या संचांमध्ये) पुढे बदल करण्याची मुभा नव्या व्यवस्थापकांना मिळाली नाही. त्यामुळे पॅकेजांचे नाव ‘जकार्ता’ असे बदलावे लागले. नोव्हेंबर २०२२मध्ये आलेल्या स्प्रिंग बूट ३ने हे नवे नाव स्वीकारले आणि त्यासोबत किमान जावा १७ची अटही घातली. स्प्रिंग बूट २.७चा मोफत आधार नोव्हेंबर २०२३मध्ये संपला. आता जावा ८वर उभी असलेली एखादी मोठी प्रणाली डोळ्यांसमोर आणावी. तिच्या कोडमधील नाव बदलणे हे साधनाच्या मदतीने तासाभराचे काम आहे, पण तिने वापरलेल्या प्रत्येक बाह्य लायब्ररीचीही (इतरांनी लिहिलेल्या तयार कोडचीही) नव्या नावाची आवृत्ती लागते. त्यांतल्या काही लायब्रऱ्या बेवारस झालेल्या असतात, काहींच्या नव्या आवृत्तीत वागणूकच बदललेली असते, आणि चाचण्या पुरेशा नसल्यामुळे काय मोडले हे कोणालाच खात्रीने सांगता येत नाही. अशा ठिकाणी दोन्ही बाजूंची माहिती असलेला माणूस काही महिन्यांसाठी हवा असतो. त्याला नवी भाषा शिकावी लागलेली नसते. आपल्याच भाषेची पुढची आवृत्ती नीट शिकणे हा नवी भाषा शिकण्याइतकाच, किंबहुना त्याहून किफायतशीर पर्याय आहे, आणि तो बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेटच्या बाजूलाही हेच घडते. डॉट नेट फ्रेमवर्कची ४.८ ही शेवटची मोठी आवृत्ती ठरली आणि पुढचा रस्ता निराळ्या, सर्व प्रकारच्या यंत्रांवर चालणाऱ्या डॉट नेटकडे गेला. वेब फॉर्म्स ही वेबपाने बनवण्याची जुनी पद्धत त्या नव्या घरात आलीच नाही. ज्यांच्याकडे वेब फॉर्म्सवर उभारलेले हजारो पडदे आहेत, त्यांना आज ना उद्या कोणाला तरी बोलावणे भाग आहे.

यावरून कोणी असा निष्कर्ष काढेल की जितकी भाषा जुनी तितके पैसे अधिक, आणि मग कोबोलचे नाव हमखास निघते. एप्रिल २०२०मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या राज्यपालांनी बेरोजगारी भत्त्याच्या प्रणालीवरील ताण पाहून कोबोल जाणणाऱ्यांनी पुढे यावे असे जाहीर आवाहन केले, तेव्हापासून ही कल्पना अधिकच पसरली. ते आवाहन स्वयंसेवकांसाठी होते, ही गोष्ट मात्र मोबदल्याच्या गप्पा मारताना सोयीस्करपणे विसरली जाते. १९५९मध्ये जिची आखणी सुरू झाली ती ही भाषा वाचायला अवघड नाही. अवघड आहे ते तिच्याभोवतीचे सगळे: कामे रांगेने चालवणारी जेसीएल, व्यवहार हाताळणारी सीआयसीएस, माहिती साठवणारा डीबी२, आणि मुख्य म्हणजे त्या एका बँकेच्या किंवा विमा कंपनीच्या प्रणालीत गेल्या कित्येक दशकांत साठलेले नियम. पुस्तकातून कोबोल शिकलेल्याला मेनफ्रेम, म्हणजे या प्रणाली ज्यांवर चालतात ते मोठे संगणक, हाताळायला मिळत नाहीत आणि कंत्राट जाते ते त्याच प्रणालीवर आयुष्य घालवून निवृत्त झालेल्या माणसाकडे. ज्यांच्या सध्याच्या नोकरीतच मेनफ्रेमचा विभाग आहे, त्यांनी तेथे शिरकाव करून घ्यावा, त्यांना पुढे त्याचा फायदा मिळेल. इतरांनी कोबोलच्या मागे लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

नव्या भाषांकडे वळू. रस्टविषयी मला आदर आहे. २०१५मध्ये तिची पहिली स्थिर आवृत्ती आली, तेव्हापासून तिने स्मृतीच्या व्यवस्थापनातील चुका संकलनाच्या (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर होण्याच्या) वेळीच पकडण्याची शिस्त ज्या रीतीने रुजवली ती विलक्षण आहे. परंतु रस्ट स्वीकारणाऱ्या कंपन्या बहुधा आपल्या उत्पादनाचा गाभा त्यात लिहितात, आणि गाभ्याचे काम त्या घरच्या माणसांकडेच ठेवतात. बाहेरून माणूस घेतलाच तर तो सी किंवा सी प्लस प्लसमध्ये मुरलेला घेतात. जिची पार्श्वभूमी ऑपरेटिंग सिस्टिमच्या जवळची, एम्बेडेड उपकरणांची किंवा नेटवर्किंगची आहे तिने रस्ट अवश्य शिकावी. वेबसाइटी बनवणाऱ्याने केवळ कंत्राटासाठी ती शिकली, तर शिकण्याचा आनंद मिळेल, पण कामे त्या मानाने थोडीच मिळतील.

गो या भाषेची गोष्ट वेगळी आहे. ही भाषा मुद्दाम लहान ठेवलेली आहे, तिच्यात अवघे २५ राखीव शब्द आहेत आणि मार्च २०१२मधील पहिल्या आवृत्तीबरोबरच जुना कोड पुढेही चालत राहील असे वचन तिच्या कर्त्यांनी दिले. कंटेनर, म्हणजे प्रणाली तिच्या सगळ्या गरजांसह बांधलेला डबा, हाताळणारी डॉकर आणि कुबरनेटीस ही दोन्ही साधने गोमध्ये लिहिलेली असल्यामुळे त्यांच्याभोवतीची पुष्कळशी साधनेही गोमध्येच आहेत. म्हणून जो क्लाउडच्या पायाभूत कामात आधीपासून आहे, जो रोज कंटेनर आणि त्यांची मांडणी यांच्याशी झटापट करतो, त्याच्यासाठी गो ही थोड्या श्रमात मोठी भर घालणारी भाषा आहे. अनुभवी प्रोग्रॅमरला काही आठवड्यांत ती वाचता आणि लिहिता येते. पण ही सोय उलट बाजूनेही चालते हे ध्यानात ठेवावे, कारण जी गोष्ट लवकर शिकता येते ती इतरही लवकर शिकतात.

पीएचपीला नावे ठेवण्याची पद्धत आमच्या व्यवसायात जुनी आहे. तरीही जगातील ४० टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे वर्डप्रेसवर चालतात आणि वर्डप्रेस पीएचपीमध्ये लिहिलेले आहे. तेथे कामांचा तुटवडा नाही. तुटवडा आहे तो दर देणाऱ्यांचा, कारण लहान व्यावसायिकाला संकेतस्थळ हवे असते आणि त्याचे अंदाजपत्रक तुटपुंजे असते. मात्र त्याच पीएचपीमध्ये मोठ्या ऑनलाइन विक्रीच्या प्रणाली चालतात. ज्यांचा एक तास बंद राहिल्यास तोटा मोजता येतो, ते कंत्राटदाराशी दरावरून घासाघीस कमी करतात. एकाच भाषेत दराचा असा मोठा पल्ला दिसतो, यावरून दर ठरतो तो काम कोण देतो यावर. भाषेमुळे फार तर कोणत्या दारावर थाप मारायची ते ठरते.

सर्व बाजूंनी विचार करून एकच गोष्ट कोणालाही बेधडक सुचवायची झाली, तर मी एसक्यूएल ही डेटाबेसमधून माहिती काढण्याची भाषा सुचवेन. एडगर कॉड यांनी संबंधाधिष्ठित (एकमेकांशी जोडता येणाऱ्या तक्त्यांच्या) डेटाबेसची कल्पना १९७०मध्ये मांडली, त्या कल्पनेवर ही भाषा सत्तरच्या दशकातच उभी राहिली आणि १९८६मध्ये तिचे पहिले प्रमाणीकरण झाले. तेव्हापासून तिला हटवण्याचे जितके प्रयत्न झाले तितक्या वेळा ती परत आली. ‘एसक्यूएल येते’ असे सगळेच म्हणतात, आणि त्यांचा अर्थ असतो की दोन तक्ते जोडून माहिती काढता येते. मी म्हणते ते एसक्यूएल त्यापुढचे आहे: क्वेरीचा एक्झिक्युशन प्लॅन (डेटाबेस उत्तर कसे शोधणार याचा आराखडा) वाचता येणे, कोणता इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) का वापरला जात नाही हे सांगता येणे, दोन व्यवहार एकमेकांना का अडवून बसले आहेत हे लॉकच्या नोंदींवरून शोधता येणे, आणि चालू प्रणाली न थांबवता मोठ्या तक्त्याची रचना बदलता येणे. मला एका ठिकाणी जावाच्या कामासाठी घेतले होते. ठरलेले काम संपत आले तेव्हा रात्री चालणारे हिशेबाचे एक काम सकाळपर्यंत रेंगाळते अशी तेथील लोकांची तक्रार कानावर आली. प्लॅन पाहिल्यावर असे दिसले की एका ठिकाणी मजकुराची आकड्याशी तुलना होत असल्यामुळे इंडेक्स निरुपयोगी ठरत होता. दुरुस्ती एका ओळीची होती. त्यानंतर माझे कंत्राट दोनदा वाढले आणि वाढीव मुदतीतले बरेचसे काम डेटाबेसचेच होते. भाषा कोणतीही असो, तिच्या मागे डेटाबेस असतोच, त्यामुळे हे ज्ञान भाषा बदलली तरी वाया जात नाही.

माझ्यापुढे स्वतः निवड करण्याची वेळ आली, तेव्हा कोटलिन, गो आणि टाइपस्क्रिप्ट असे तीन पर्याय होते. कोटलिन मला मनापासून आवडली होती. २०१७मध्ये गूगलने अँड्रॉइडसाठी तिला अधिकृत मान्यता दिल्यापासून तिचे बस्तान नीट बसले आहे आणि जावा जाणणाऱ्याला ती घरच्यासारखी वाटते. परंतु सर्व्हरच्या बाजूच्या जाहिराती वाचताना असे लक्षात आले की त्यांत बहुधा ‘जावा किंवा कोटलिन’ असे लिहिलेले असते. म्हणजे कोटलिन न शिकताही त्या दारातून मला प्रवेश होता आणि ती शिकल्याने नवे दार एकही उघडत नव्हते. गोसाठी क्लाउडच्या पायाभूत कामात खोल उतरावे लागले असते आणि मला ते काम तितकेसे रुचत नाही. टाइपस्क्रिप्टचे मात्र असे होते की लहान गटांना सर्व्हर आणि पडदा ही दोन्ही कामे एकाच माणसाकडून करून हवी असतात. आजवर ती कामे माझ्याकडे अर्धीच येत होती, म्हणून मी टाइपस्क्रिप्ट निवडली. मायक्रोसॉफ्टने २०१२मध्ये आणलेली ही भाषा जावास्क्रिप्टवर प्रकारांची (कोठे कोणत्या जातीची माहिती चालेल याची) शिस्त चढवते आणि ती शिस्त जावातून येणाऱ्याला परकी वाटत नाही. तिची खरी अडचण भाषेत नसून तिच्याभोवतीच्या लायब्रऱ्यांत आहे. त्या इतक्या वेगाने बदलतात की एका प्रकल्पात शिकलेली मांडणी पुढच्या प्रकल्पात जुनी झालेली असते, आणि या धावपळीचा मला आजही कंटाळा येतो.

भाषा ठरली तरी अनुभव शून्य असण्याची अडचण उरतेच. यावर दर कमी करून पहिले काम मिळवण्याचा सल्ला अनेक जण देतात. मला तो पटत नाही, कारण एकदा खाली आलेला दर त्याच ग्राहकाकडे पुन्हा वर नेणे फार कठीण जाते. त्यापेक्षा व्याप्ती नेमकी ठरलेले छोटे काम पूर्ण दराने घ्यावे, म्हणजे ग्राहकाची जोखीम मर्यादित राहते आणि आपला दरही टिकतो. याहूनही चांगला मार्ग म्हणजे सध्याच्या कंत्राटातच नव्या भाषेला जागा शोधणे. चाचण्यांसाठीचे एखादे साधन, अहवाल काढणारी छोटी प्रणाली किंवा अंतर्गत वापराचा एखादा पडदा अशी कामे कोणालाच नको असतात. ती मागून घेतल्यास बायोडेटात प्रत्यक्ष कामाची नोंद होते. मुलाखतीसाठी स्वतःचा नमुना प्रकल्प दाखवायचा असेल, तर कोऱ्या पाटीवर लिहिलेल्या कामांच्या यादीच्या ॲपपेक्षा एखाद्या मुक्तस्रोत प्रकल्पातील दुरुस्ती अधिक बोलकी असते. कंत्राटदाराला दुसऱ्याचा कोड वाचून, न मोडता त्यात बदल करायचा असतो, आणि त्या दुरुस्तीत नेमके तेच दिसते.

कोड लिहून देणाऱ्या साधनांमुळे या सगळ्याला काय अर्थ उरला, असेही विचारले जाते. गिटहब कोपायलट २०२१मध्ये आले आणि त्यानंतर परक्या भाषेची वाक्यरचना हा पूर्वीइतका मोठा अडसर राहिला नाही हे मान्य करायलाच हवे. अडसर कमी झाला तो सर्वांसाठी, त्यामुळे केवळ वाक्यरचना येणे याची किंमत आणखी घसरली. त्या साधनाने लिहिलेला कोड एकाच वेळी दोन व्यवहार आले तर चुकेल की नाही हे सांगणाऱ्याची किंमत मात्र घसरलेली नाही. त्यासाठी भाषा आणि तिच्याखालचे यंत्र दोन्ही समजावे लागते.

शिकायला केव्हा सुरुवात करावी, याचे माझे उत्तर ठरलेले आहे: हातातले कंत्राट अर्धे उरलेले असताना. कंत्राट संपल्यावर वेळ भरपूर असतो, पण त्याच वेळी पहिले येईल ते काम स्वीकारण्याचा दबावही असतो, आणि तसे स्वीकारलेले काम बहुधा जुन्याच भाषेतले असते. अर्धी मुदत शिल्लक असताना पहिला महिना जाहिराती वाचण्यात घालवावा, मग एक भाषा ठरवून उरलेल्या काळात तिच्यातले निदान एक काम चालू प्रकल्पात मिळवावे, आणि मुदत संपण्याच्या सहा ते आठ आठवडे आधी एजन्सीकडे नवा बायोडेटा पाठवावा.